पोदेराच्या भट्टीतली घुमटं

माईक ही वस्तू माणसाच्या हातात देण्याआधी त्याला पाणी पाजावं, खुर्चीवर बसवावं, आणि जमलं तर देऊच नये, असं आमच्या सौभाग्यवतीचं, म्हणजे प्रभावतीचं, मत आहे. ‘माणूस’ म्हणजे मी, शिवदास. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क, राहणार सर्वण, आणि डिचोलीच्या ज्या शाळेत माझी सत्यवती नववीत होती तिथल्या पालक-शिक्षक संघाचा अध्यक्ष. अध्यक्षपद मी मागायला गेलो नव्हतो. सभेला वेळेवर हजर राहणारा मी एकटाच होतो, एवढाच माझा अपराध.

गोवा घटकराज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. आमच्याकडे चतुर्थीला गणपती एकवेळ मोदकांवाचून राहील, पण घुमटांवाचून राहायचा नाही. मातीचं गोल मडकं, त्याच्या मोठ्या तोंडाला चामडं ओढलेलं, दुसरं लहान तोंड उघडं. ते गळ्यात अडकवून पोटाशी धरायचं, एका हाताने वाजवायचं आणि दुसऱ्या हाताने मागचं तोंड झाकत-उघडत आवाज घुमवायचा. आणि हे सगळं पुरुषांनी करायचं. बायकांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ऐकायचं, अशी पूर्वापार वाटणी. शाळेतही तोच न्याय. आंतरशालेय घुमट आरतीला आमचे मुलगे जात. पण आदल्या वर्षी राजधानीतल्या मोठ्या रंगमंचावर, पहिलं घुमट कोणत्या वाड्याच्या पोराने धरायचं यावरून त्यांच्यात जुंपली आणि आरती सुरू व्हायच्या आधीच पडदा पाडावा लागला. हेडमास्तर रामचंद्र सरांनी यंदा संघच नको असं जाहीर केलं.

तेव्हा पालकसभेत मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. कमल. हिचा बाप विठू दोडामार्गाकडून खाणीवर ट्रक चालवायला आलेला.

“सर, आमी वाजवतंव,” ती म्हणाली.

हेडमास्तर छताकडे बघायला लागले. सरांना अडचण आली की ते छताकडे बघतात. छताचा सल्ला घेऊन झाल्यावर ते म्हणाले, “ठीक आहे. पण बक्षीस आणलं तर घुमटं मुलींची. नाही आणलं, तर पुढच्या वर्षीपासून परत मुलग्यांकडे. मग तक्रार ऐकून घेणार नाही.”

आणि नेमका त्याच वेळी आभारप्रदर्शनासाठी माईक माझ्या हातात आला. “बक्षीस येणार!” मी गरजलो. “आणि घुमटं मी आणणार!” टाळ्यांचा कडकडाट झाला. तिसऱ्या रांगेत बसलेल्या प्रभावतीने कपाळाला हात लावला. शाळेची घुमटं म्हणून जी वाजत होती ती सगळी मुलग्यांच्या घरची होती आणि ती त्याच आठवड्यात आपापल्या घरी गेली होती, हे तिला ठाऊक होतं. मला नव्हतं.

पण मी डगमगणाऱ्यांतला नाही. डिचोलीच्या कुंभाराकडून मी मडकी आणली. प्रश्न चामड्याचा होता. शेजारचे अनंतमास्तर निवृत्त झाल्यापासून सल्ल्याच्या धंद्यात आहेत. ते पडवीत येऊन बसले, चहा घेतला, आणि म्हणाले, “शिवदास, घोरपडीच्या चामड्याबगर घुमट म्हणजे मिठाबगर नुस्त्याचें, माशांचें हुमण.”

“मग घोरपडीचं आणू?”

“आणशील खंयचें? आतां घोरपडीक हात लायल्यार बंदखण!”

म्हणजे सल्लाही त्यांचाच आणि तुरुंगही त्यांचाच, मधला मार्ग तेवढा माझा. तो मी काढला. बकऱ्याचं चामडं आणून, भिजवून, मडक्यांवर ओढून मी ती अंगणात ओळीने वाळत घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी वनखात्याचा गार्ड दारात हजर. कोणीतरी निनावी तक्रार केली होती की, सर्वणात एक सरकारी नोकर घोरपडी सोलतो. निनावी तक्रार कोणाची हे कळायला मला वेळ लागला नाही. पलीकडच्या घरातले बाबुराव कुंपणावरून आमच्या अंगणात इतक्या निष्पाप चेहऱ्याने बघत होते की, त्यांचा मुलगा त्या मुलग्यांच्या संघाचा म्होरक्या आहे हे मला आपोआप आठवलं.

गार्डाने घुमटं हुंगली. “हें बकऱ्याचें आसा म्हणून सर्टिफिकेट आसा?”

मी गुरांच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, आम्ही फक्त जिवंत जनावराला दाखला देतो. सरपंचांकडे गेलो. ते म्हणाले, आम्ही फक्त गावच्या रहिवाशाला दाखला देतो; बकरा गावचा होता का? बकरा कुठला होता हे मी त्याला विचारलं नव्हतं. शेवटी मी ज्याच्याकडून चामडं आणलं त्या खाटकाकडे गेलो आणि त्याने दुकानाच्या कागदावर लिहून दिलं की, ‘सदर चामडे बकऱ्याचेच असून सदर बकरा मी स्वतः ओळखत होतो.’ गार्डाचं समाधान झालं. त्या कागदाची घडी मी खिशात ठेवली. सरकारी माणूस दाखला फेकत नाही, तो कधी कुठे उपयोगी पडेल सांगता येत नाही.

मग आमच्या पडवीत सराव सुरू झाला. शिकवायला संगीताच्या मालतीबाई, पुढे कमल, सत्यवतीच्या हातात कांसाळं म्हणजे काशाच्या मोठ्या झांजा, आणि बाकीच्या मुली घुमटांवर. पहिला आठवडा ते ऐकून अनंतमास्तर चहालाही आले नाहीत. बाबुराव कुंपणावरून ओरडले, “शिवदास, तुज्या घुमटांनी म्हजी म्हस दूद दिना जाल्या!” पुढे मुलींचा हात बसला, तसा म्हशीचाही कान बसला. श्रावण सरता सरता अशी पाळी आली की, आरती सुरू झाल्याशिवाय म्हैस पान्हा सोडेना, आणि बाबुरावांच्या बायकोला रोज कुंपणाशी येऊन, “पोरी खंय गो पावल्यो?” असं विचारावं लागे. बाबुराव तेव्हा घरात जात.

घुमटाचं एक असतं. पावसाळी, गार हवेत चामडं सैल पडतं, मग त्याला ऊब द्यावी लागते. आमच्या चुलीभोवती रोज संध्याकाळी घुमटांचं वर्तुळ बसे आणि प्रभावती त्यातून वाट काढत भाकऱ्या भाजी. एकदा तिने आमटीचं झाकण घुमटावर ठेवलं आणि आमटी तशीच उकळून सांडली. त्या दिवशी आम्ही भाकरीबरोबर कांदा खाल्ला. मी म्हटलं, कलेसाठी त्याग करावा लागतो. ती म्हणाली, “त्याग म्हजो, कला पोरींची. तुमचें कितें?”

याला उत्तर स्पर्धेच्या दिवशी द्यायचं मी मनात ठरवलं.

स्पर्धेला आम्ही सगळ्यांच्या आधी पोचलो. सरकारी नोकरीत जे करता येत नाही ते माणूस सुट्टीच्या दिवशी करून घेतो. नऊवारीतल्या मुली, मालतीबाई, मी, आणि लेकीला बघायला म्हणून रजा टाकून आलेला विठू. संयोजकांनी आमचं स्वागत करून आम्हांला सभागृहात पहिल्या रांगेत बसवलं आणि सांगितलं, “आपला क्रमांक शेवटून दुसरा. तोवर कोणीही जागा सोडायची नाही.”

सभागृह थंड होतं. म्हणजे वातानुकूलित होतं. आम्ही असली थंडी कधी अंगावर घेतली नव्हती. पहिले दोन संघ होईपर्यंत मुलींनी पदर कानांवरून घेतले. मालतीबाई माझा रुमाल मागून गळ्याला बांधून बसल्या. मी ऐटीत बसलो होतो, कारण अध्यक्षाला थंडी वाजत नाही. तेवढ्यात कमलने हळूच घुमटावर बोट मारून पाहिलं.

ढप.

तिने परत मारलं. ढप. पावसात राहिलेल्या पापडावर मारावं तसा आवाज. एकेकीने आपापलं घुमट वाजवून पाहिलं आणि पहिली रांगभर ढप, ढप, ढप झालं. मागच्या रांगेतल्या शाळेची पोरं फिदीफिदी हसायला लागली. कमल हसली नाही, रडलीही नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “काका, असा वाजला तर घुमटा गेली आमची.”

मी उठलो. संयोजकांच्या टेबलाशी जाऊन म्हटलं, “ही थंडी जरा बंद करता येईल?”

“त्यासाठी विद्युत विभागाकडे अर्ज द्यावा लागेल.”

“तो कुठे आहे?”

“आज रविवार. बंद आहे.”

“मग ही चालू कोणी केली?”

“ती शुक्रवारपासून चालूच आहे. मंत्री येणार होते म्हणून.”

“मंत्री कुठे आहेत?”

“आले नाहीत.”

माझ्यातला माणूस संतापला, पण माझ्यातल्या हेडक्लार्कने मनातल्या मनात त्या गृहस्थाला नमस्कार केला. इतकं निर्दोष उत्तर मला सगळ्या नोकरीत देता आलेलं नाही. चालू करण्याचा अधिकार कोणालातरी आहे, बंद करण्याचा कोणालाच नाही, ही खरी व्यवस्था.

“घुमटं उन्हात ठेवूया,” मालतीबाई म्हणाल्या. आम्ही दार उघडलं तर बाहेर पाऊस कोसळत होता. त्या पावसात, दारात उभा असताना, माझ्या नाकाला वास आला. पावाचा! मागच्या गल्लीत कुठेतरी संध्याकाळच्या फेरीचा पाव भाजत होता. माझ्या डोक्यात जे आलं ते इतकं साधं होतं की, हे दुसऱ्या कोणाला कसं सुचलं नाही याचंच मला आश्चर्य वाटलं. “विठू,” मी म्हटलं, “पोती आण. भट्टी सापडली!”

“भट्टी आसा म्हंजे काम झाला, साहेबानू,” असं म्हणत विठूने सगळी घुमटं पोत्यांत घालून पाठीवर घेतली आणि आम्ही पावसातून पळालो.

पाववाल्याला आमच्याकडे पोदेर म्हणतात आणि त्याच्या भट्टीला फोर्न. हा पोदेर कायतान नावाचा, गुडघ्यापर्यंत लुंगी आणि कोपरापर्यंत पीठ. त्याने पोत्यात डोकावून पाहिलं.

“कितें रे हें? मडकीं?”

“घुमटां. इल्लीं तापोवंक जाय.”

“फोर्न पावांचो,” कायतान म्हणाला. “मडक्यांचो न्हय.”

मग मी बोललो. माईक नव्हता, तरी बोललो. गोव्याची संस्कृती, घटकराज्य, पोरींची जिद्द, बाबुरावांची म्हैस, असं जे जे आठवेल ते सगळं बोललो. कायतान लांब दांड्याचं लाकडी फावडं हातात धरून ऐकत राहिला. शेवटी त्याने एकच प्रश्न विचारला, “चामडें कसलें?”

मी खिशातून खाटकाचा दाखला काढून त्याच्यापुढे धरला. तो वाचून कायतानच्या चेहऱ्यावर आदर पसरला. बकरा ओळखीचा निघाल्यावर माणसाला परकं कसं म्हणणार? त्याने घुमटं फोर्नाच्या तोंडाशी ओळीने मांडली आणि एक आपल्या हातात ठेवलं. “हांवय वाजयतां,” तो म्हणाला. “लग्नांनी.”

आणि वाजवायला लागला. आतून त्याची बायको पदराला हात पुसत आली आणि तिने गाणं धरलं. मग विठूने ठेका धरला. मला हेही कबूल केलं पाहिजे की माझी मान हलत होती. मी दोनदा म्हटलं, “कायतानबाब, वेळ जाता.” त्याने दोन्ही वेळा डोळे मिटून होकार दिला आणि लय वाढवली. गाणं कुठवर गेलं असतं देव जाणे, पण पाव करपल्याचा वास आला. कायतानने घुमट टाकून फावडं उचललं. आधी पाव बाहेर आले, काळेठिक्कर. मग त्याच फावड्याने त्याने एकेक घुमट पावासारखं बाहेर ओढलं. एकाचं चामडं फाटलं होतं. बाकीची अशी तापली होती की, त्यांच्याकडे बघूनच कपाळाला घाम येई. मी एकाला टिचकी मारली. टण्ण! देवळातल्या घंटेने ऐकलं असतं तर लाजली असती.

परत येताना विठू वाटेत दर चार पावलांनी उडी मारत होता. “साहेबानू, पाठ भाजली माजी!”

“कलेसाठी त्याग करावा लागतो, विठू,” मी म्हटलं. माझ्या हातात छत्री होती.

आम्ही पोचलो तेव्हा आमच्या शाळेच्या नावाचा शेवटचा पुकारा चालू होता. मालतीबाई पडद्याआड उभ्या राहून गणपतीचा जप करत होत्या. मुलींनी पोत्यांत हात घातले आणि एकदम मागे घेतले. “काका, पोळता!” सगळ्यांत मागे असलेली कमल पुढे आली. तिने पदर कमरेला खोचला, घुमट उचलून गळ्यात अडकवलं, आणि चामड्यावर एक थाप मारली. तो आवाज ऐकल्यावर ती हसली. त्या दिवशी पहिल्यांदाच. “आवाज बघा कसो इलो,” ती म्हणाली. मग बाकीच्यांनीही घेतली. जिचं फाटलं होतं तिने सत्यवतीकडची कांसाळ्यांची जादा जोडी मागून घेतली, आणि पडदा वर गेला.

काय सांगू! वाजल्या पोरी! पण तापलेलं मडकं पोटाशी धरून माणूस उभा राहू शकत नाही. पहिल्या ओळीला कमलने घुमट डाव्या अंगाला सरकवलं आणि डाव्या पायावर गेली. ते चटका लागून उजवीकडे आलं तशी उजव्या पायावर आली. बाकीच्याही तशाच. डावा, उजवा, एक गिरकी, परत डावा. वेदना सगळ्यांची एकाच तालात, कारण आरती एकाच तालात होती. प्रत्येक थापेला घुमटावरचं कायतानचं पीठ धुरासारखं उडत होतं. एकीचाही ठेका चुकला नाही. त्या गरम मडक्याला धरून, दात आवळून, माझ्या सत्यवतीच्या मैत्रिणी शेवटच्या ओळीपर्यंत वाजवत राहिल्या आणि मी पडद्याआड उभा राहून चक्क रडलो. थंडीमुळे डोळ्यांतून पाणी येतं, असं मी मालतीबाईंना सांगितलं.

मुख्य परीक्षक लोककलांचे मोठे अभ्यासक होते. निकालाच्या वेळी ते म्हणाले, “घुमट आरतीतला हा प्राचीन पदन्यास लुप्त झाला असं आम्ही समजत होतो. डिचोलीच्या या कन्यांनी तो जिवंत ठेवला आहे. आणि पिठाची ती मंगल उधळण!” पहिलं बक्षीस आमचं. विठू टाळ्या वाजवत होता आणि मध्येच पाठ चोळत होता. ढाल कमलने घेतली. वर्तमानपत्रातल्या फोटोत सगळ्या मुली आल्या, मालतीबाई आल्या, विठू आला. माझी फक्त छत्री आली. स्नेहसंमेलनात हेडमास्तरांनी कार्याचा अहवाल वाचला, त्यात प्राचीन पदन्यासावर एक सबंध परिच्छेद होता, आणि मानाचा नारळ देण्यासाठी कायतान पोदेराला खास बोलावलं होतं. नारळाचं तबक धरायला अध्यक्षांना सांगण्यात आलं. मी धरलं. प्रभावती पहिल्या रांगेत बसून पोटभर हसत होती.

पण गोष्ट इथे संपत नाही, कारण पुढच्या वर्षी चतुर्थी परत आली.

त्या वर्षी स्पर्धेला गेलो तर एकेक संघ रंगमंचावर येऊन डाव्या पायावरून उजव्या पायावर उड्या मारतोय. एका शाळेने तर खांद्यावर पिठाची पिशवी घेतलेला एक स्वतंत्र मुलगाच ठेवला होता. आणि आमचं दैव असं की थंडीचं यंत्र बिघडलेलं. सभागृहात रसरशीत उकाडा. घुमटं घरून आणली तशीच टणटणीत होती, भट्टीची गरजच पडली नाही. मी कमलला म्हटलं, “थोडं नाचा तरी.” ती म्हणाली, “काका, पोळत नाय तर नाचू कशाक?” पोरी खांबासारख्या उभ्या राहिल्या आणि आदल्या वर्षीच्या दुप्पट सुरेख वाजवलं. परीक्षकांनी शेरा दिला: वादन उत्तम, परंतु पारंपरिक पदन्यासाचा अभाव. बक्षीस नाही.

दुसऱ्याच दिवशी बाबुराव आपल्या चिरंजीवांना आणि त्याच्या दोस्तांना घेऊन शाळेत हजर. “सर, अट दरवर्सांची. बक्षीस ना, घुमटां आमच्या भुरग्यांचीं.” हेडमास्तर छताकडे बघायला लागले. मी अटीचा अर्थ सांगायला लागलो, पण माईकशिवाय माझं कोणी ऐकत नाही. मुली दाराशी उभ्या होत्या. सत्यवतीचा चेहरा मला बघवेना. तिच्यापेक्षाही, जी गेल्या वर्षी चुलीपुढे वाकून रोज घुमटं शेकत होती त्या माझ्या बायकोला मी संध्याकाळी काय सांगणार, हे मला कळेना.

“घेवा,” कमल म्हणाली. “पण थंड घुमट आमी कोणाक दिवचंव नाय. तापवून देतंय.”

टेबलावरचं एक घुमट घेऊन ती शाळेमागच्या चहाच्या चुलीकडे गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात फडक्याने धरलेलं घुमट होतं. तिने ते बाबुरावांच्या चिरंजीवाच्या दोन्ही हातांत दिलं.

“आयशीss!” चिरंजीवांनी ते शेजारच्याच्या हातात दिलं. शेजारच्याने त्याच्या शेजारच्याच्या. सगळी रांग संपवून घुमट बाबुरावांकडे आलं, बाबुरावांनी ते हेडमास्तरांच्या हातात दिलं, आणि सरांनी एक क्षणही छताकडे न बघता ते मला दिलं. मी अध्यक्ष. मी ते घट्ट धरलं. कुठवर धरवेल ते माहीत नव्हतं, पण जमिनीवर टाकणार नव्हतो.

“आमी आख्खी आरती धरलेली,” कमल मुलग्यांना म्हणाली. “तुमी एक ओळ तरी धरा.”

कोणी पुढे आलं नाही. मग तिने घुमट माझ्याकडून घेतलं, फडक्याशिवाय गळ्यात अडकवलं, आणि वाजवायला लागली. सत्यवतीने टेबलावरची कांसाळी उचलली. कमल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाजवत राहिली आणि तिचे पाय या वेळी जागचे हलले नाहीत.

“घुमटं मुलींची,” हेडमास्तर म्हणाले.

माझ्या तळहातावर टपोरा फोड आला होता, तरी मी टाळ्या वाजवल्या.